सोळा पायांची जागा

सॉकेटमधली आयसी, म्हणजे दोन बाजूंना धातूच्या पायांच्या रांगा असलेली काळी चिप, मी पहिल्यांदा काढली ती बोटांनी. दोन्ही टोकांना चिमटीत धरली आणि वर ओढली. आधी ती हललीच नाही. मग जोर वाढवला, तर एक टोक एकदम सुटलं आणि दुसरं तसंच अडकून राहिलं. डब्याचं झाकण बिजागरीवर उघडावं तशी ती उभी झाली आणि सुटलेल्या टोकाचे चार पाय माझ्या अंगठ्यात रुतले. रक्ताचे चार टिपके उमटले, एका रेषेत, अगदी सारख्या अंतरावर. ते अंतर २.५४ मिलिमीटर असतं हे मला पुढे कधीतरी कळलं. अडकलेल्या टोकाचे पाय पार वाकले होते. बारीक टोकाच्या पकडीनं ते सरळ करायला गेले, तर एक पाय मुळाशीच तुटला. त्या आयसीत काही बिघाड नव्हता. मी ती फक्त बघायला म्हणून काढली होती.

त्याला आता बरीच वर्षं झाली. मधल्या काळात छोट्या मोटारी फिरवणारे पुष्कळ बोर्ड हाताखालून गेले. गाड्यांचे, पडदा ओढणाऱ्या यंत्राचे, एका संथ फिरणाऱ्या तबकाचे. कुठलाही नवा बोर्ड हातात आला की माझी नजर आधी त्यावरच्या आयसीकडे जात नाही, तिच्या खाली काय आहे तिकडे जाते. खाली काळ्या प्लास्टिकची दोन रांगांची चौकट दिसली की जीव हलका होतो. ही चौकट म्हणजे सॉकेट. काही जण तिला आयसी बेस म्हणतात. ती सिग्नल बदलत नाही, करंट वाढवत नाही, काहीच करत नाही. पण ती असली की बोर्डाला प्रश्न विचारता येतो आणि उत्तर मिळेपर्यंत थांबता येतं. ती नसली की पहिल्या अंदाजावरच कातर चालवावी लागते.

गेल्या सुट्टीत भाचा त्याची गाडी घेऊन आला. चार चाकं, चार पिवळ्या गिअरच्या मोटारी, वर आर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड, आणि त्यावर मोटारी फिरवणारा दुसरा बोर्ड, मोटार शील्ड. शील्डचा संच मीच त्याला सोल्डर करून दिला होता.

"मावशी, हिचं मागचं डावं चाक पुढे जातं, पण मागे जात नाही."

"मग तू काय केलंस?"

"प्रोग्रॅम तीनदा बदलला. चौथ्यांदा पहिल्यापासून लिहिला. ते चाक मागे जायला तयारच नाही."

तक्रार ऐकून मला खरं तर बरं वाटलं. पूर्ण बंद पडलेलं चाक काहीच सांगत नाही. वायर तुटली असेल, मोटार जळली असेल, सेल संपले असतील, काहीही असू शकतं. एका दिशेला नीट चालणारं चाक मात्र बरंच काही सांगून टाकतं. मोटार शाबूत आहे, वायर शाबूत आहे, वीज पोचते आहे. बिघाड एका अरुंद जागेत आहे.

ती अरुंद जागा समजायची तर शील्डवरच्या, मोटारी फिरवणाऱ्या एल२९३डी या आयसीच्या पोटात डोकवावं लागतं. या सोळा पायांच्या आयसीत चार अर्धे पूल असतात. मोटारीच्या दोन टोकांना एकेक अर्धा पूल जोडलेला, म्हणजे एका आयसीवर दोन मोटारी. प्रत्येक अर्ध्या पुलात दोन स्विच: वरचा मोटारीचं टोक पुरवठ्याला जोडतो, खालचा ग्राउंडला, म्हणजे सेलच्या ऋण टोकाला. पुढे जाताना एका टोकाचा वरचा आणि दुसऱ्या टोकाचा खालचा स्विच चालू होतो, मागे जाताना बरोबर उरलेले दोन. त्यामुळे चारातला एकच स्विच गेला तर मोटार एका दिशेला सुखानं चालते आणि दुसऱ्या दिशेला हूं की चूं करत नाही. भाच्याला मल्टिमीटर धरायला लावला. मागे जाण्याचा हुकूम दिल्यावर मोटारीच्या ज्या टोकाला जवळपास पुरवठ्याइतके व्होल्ट यायला हवेत, तिथे शून्य.

पण तेवढ्यावर आयसीला दोषी ठरवणं घाईचं होतं. या शील्डवर तीन आयसी असतात. दोन एल२९३डी आणि एक ७४एचसी५९५. चार मोटारींच्या दिशांचे आठ हुकूम आर्डुइनो एकामागून एक ५९५ला पाठवतो आणि ती ते आठ पायांवर एकदम मांडते. आर्डुइनोच्या पिना वाचाव्यात म्हणून केलेली ही सोय. म्हणजे ५९५चा एखादा पाय गेला असता, किंवा मधला सोल्डरचा सांधा कच्चा असता, तरी चाक असंच अडून बसलं असतं.

"मग कळणार कसं?" भाच्यानं विचारलं.

दोन्ही एल२९३डींची अदलाबदल करायची. बिघाड आयसीबरोबर दुसऱ्या बाजूला गेला, तर आयसी खराब. जागच्या जागी राहिला, तर आयसी निर्दोष, आणि मग बोर्ड, ५९५, वायर यांची चौकशी. दुरुस्तीच्या सगळ्या युक्त्यांमध्ये ही माझी सगळ्यांत लाडकी युक्ती आहे. हिला ऑसिलोस्कोप लागत नाही, नवा सुटा भागही लागत नाही. लागतं ते एवढंच, की दोन सारख्या वस्तू असाव्यात आणि त्या जागेवरून उठवता याव्यात.

एक सावधगिरी मात्र आधी घ्यावी लागते. मोटारच आतून शॉर्ट झाली असेल आणि तिनंच पहिली आयसी खाल्ली असेल, तर चांगली आयसी तिच्या तोंडी देणं म्हणजे दुसरा बळी. म्हणून आधी चारही मोटारी सोडवून त्यांचा रेझिस्टन्स मोजला. शाफ्ट हातानं थोडा थोडा फिरवत मोजायचा, कारण ब्रश कुठल्या जागी टेकले आहेत त्यावर आकडा बदलतो. चारही मोटारी ५ ओहमच्या आसपास निघाल्या. शॉर्ट कोणीच नव्हती. तो ५चा आकडा मी कागदावर लिहून ठेवला. तो पुढे लागणार होता.

आता काढणं. घाईनं जे बिघडतं ते बहुतेक इथेच बिघडतं, म्हणून याबद्दल जरा सावकाश लिहिते.

पहिली गोष्ट वीज. मोटारीच्या बोर्डाला बहुधा दोन पुरवठे असतात: एक मोटारींचा, एक लॉजिकचा, म्हणजे हुकूम समजून घेणाऱ्या भागाचा. मोटारींच्या सेलची पेटी काढली आणि यूएसबी तशीच राहिली, असं माझ्याकडून एकापेक्षा जास्त वेळा झालं आहे. दोन्ही काढायचे. मोठा कपॅसिटर असेल तर मिनिटभर थांबायचं. आणि चाकं हातानं फिरवायची नाहीत, कारण फिरवलेली मोटार स्वतःच वीज तयार करते आणि ती उलटी बोर्डावर येते.

दुसरी गोष्ट ओळख. दोन एल२९३डी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. टेबलावर ठेवल्या, फोन वाजला, परत आलं, की कोणती कुठली ते सांगता येत नाही आणि सगळी परीक्षा फुकट जाते. म्हणून काढण्याआधीच त्यांच्या पाठीवर पांढऱ्या पेननं 'अ' आणि 'ब' लिहायचं. फोटो काढायचा, आयसीच्या एका टोकाला दिशा सांगणारी खाच असते, ती कुठल्या दिशेला आहे ते त्यात दिसलं पाहिजे. भाच्याला हे कंटाळवाणं वाटलं. मला ते पूजेच्या तयारीसारखं वाटतं. ते झालं की हात आपोआप शांत होतो.

मग उचलणं. बाजारात यासाठी इंग्रजी यू आकाराचा एक चिमटा मिळतो, टोकांना आत वळलेले आकडे असतात. मला तो आवडत नाही. त्यानं ओढायचा मोह होतो, आणि ओढलं की माझ्या अंगठ्याचं झालं तेच होतं: एक टोक आधी सुटतं, दुसऱ्याचे पाय मुडपतात. माझी पद्धत चपट्या टोकाच्या बारीक स्क्रू ड्रायव्हरची. टोक आयसी आणि सॉकेट यांच्या मधल्या फटीत अलगद सरकवायचं आणि किंचित पिळायचं. उचलायचं नाही, फक्त पिळायचं. कागदाच्या जाडीइतकं टोक वर आलं की थांबायचं आणि दुसऱ्या टोकाला जायचं. पुन्हा कागदाइतकं. पुन्हा पहिल्या टोकाला. सहा-आठ फेऱ्यांत आयसी सपाटच्या सपाट वर येते, आणि शेवटी पाय पट्ट्यांमधून सुटतात तो क्षण बोटांना स्पष्ट कळतो, आवाज मात्र जवळजवळ होत नाही.

एक चूक इथे हमखास होते. टोक आयसीखाली जाण्याऐवजी सॉकेटखाली जातं. तिथे पिळलं तर सॉकेट बोर्डापासून उपटतं, किंवा त्याखालून जाणारी तांब्याची रेघ कापली जाते. भाच्याचं टोक पहिल्या वेळी तिथेच गेलं होतं. मी त्याचा हात धरला नाही, फक्त म्हटलं, "कोणती फट आहे ती बघ." त्यानं वाकून पाहिलं, टोक काढलं आणि एक मजला वर सरकवलं.

'अ' आणि 'ब' जागा बदलून बसल्या. सेल लावले. डावं चाक मागे गेलं. उजवीकडचं एक चाक अडलं.

तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की शेजारच्या खोलीतून ताई धावत आली. गाडी अजून बिघडलेलीच होती. फक्त बिघाड उठून दुसऱ्या बाजूला जाऊन बसला होता. पण तो आनंद मला पूर्ण समजतो. तीन दिवस त्याला वाटत होतं की आपल्याला प्रोग्रॅम लिहिता येत नाही.

नवी आयसी माझ्या डब्यात होती. त्यानं ती लगेच मागितली आणि मी दिली नाही. आधी 'अ' का गेली ते सांग, म्हटलं. कारण न शोधता नवी बसवली तर तीही त्याच वाटेनं जाते, आणि मग माणूस आयसीच्या दर्जाला नावं ठेवत बसतो. हे मी स्वतः केलेलं आहे, ओळीनं तीन आयसी घालवून.

त्याला एकच गोष्ट आठवली. गाडी अधूनमधून आपोआप थांबायची, थोड्या वेळानं आपोआप सुरू व्हायची. "मला वाटलं सेल उतरलेत."

सेल उतरले नव्हते. एल२९३डीच्या आत तापमानावर लक्ष ठेवणारी एक व्यवस्था असते. आयसी फार तापली की ती मोटारी बंद करते, निवली की पुन्हा चालू. ते थांबणं म्हणजे आयसी दम खात होती. कधी थांबायची, असं खोदून विचारल्यावर उत्तर आलं: पलंगाखाली अडकली की. चाकं गालिच्यात रुतलेली, मोटारी फिरू पाहताहेत पण फिरत नाहीत, आणि हा रिमोटचं बटण दाबून धरतोय.

फिरणारी मोटार स्वतःच उलटं व्होल्टेज तयार करत असते आणि त्यामुळे तिच्यातून जाणारा करंट आटोक्यात राहतो. ती अडली की ते उलटं व्होल्टेज नाहीसं होतं आणि उरतो फक्त तारेचा रेझिस्टन्स, तोच कागदावरचा ५. पेटीत सहा सेल, म्हणजे ९ व्होल्ट. त्यातले वरच्या स्विचवर साधारण १.४ आणि खालच्यावर १.२ असे २.६ व्होल्ट आयसीतच पडतात. उरले ६.४, भागिले ५. जवळजवळ १.३ अँपिअर. एल२९३डीची एका वाटेची सलग क्षमता ०.६ अँपिअर आहे. १.२ अँपिअर ती झेलते, पण सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरतं आणि तेही वारंवार नाही. पलंगाखालचे पाच-सात सेकंद म्हणजे तिच्या दृष्टीनं युग.

त्या २.६ व्होल्टवर मी त्याला थोडं थांबवलं, कारण उष्णतेचं मूळ तिथे आहे. २.६ गुणिले १.३ म्हणजे सुमारे ३.४ वॉट एका मोटारीपायी, आणि एका आयसीवर मोटारी दोन. करंगळीच्या एका पेराएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यात हे सगळं. तापमानाची व्यवस्था दरवेळी वाचवत आली, एके दिवशी एक स्विच गेला.

उपाय साधाच केला. सहाऐवजी चार सेल, ६ व्होल्ट. आर्डुइनोला वेगळा पुरवठा. अडल्यावरचा करंट ३.४ भागिले ५, म्हणजे ०.६८. मर्यादेच्या किंचित वर आहे, पण बटण सोडण्याइतका वेळ मिळतो. गाडी थोडी हळू झाली आणि ते त्याला आवडलं नाही, पण त्यानं मान्य केलं.

नवी आयसी बसवण्याआधी मी त्याला उलट्या आयसीची गोष्ट सांगितली. ही गोष्ट मला फार प्रिय आहे.

एकदा १२ व्होल्टच्या मोटारींच्या बोर्डावर मी नवी एल२९३डी बसवली. मोटारी चालल्या, पण अगदी मरगळून, आणि आयसीला बोट लावलं तर पोळलं. वीज काढली, भिंगातून पाहिलं: आयसीची खाच दक्षिणेला, बोर्डावर छापलेली खाच उत्तरेला. आयसी उलटी बसली होती. उलटी आयसी म्हणजे संपलं, असंच मी तोवर ऐकत आले होते. मग ही चालली कशी?

कागदावर सोळा पाय काढले आणि अर्धा फेरा फिरवून पाहिले. अर्ध्या फेऱ्यात प्रत्येक पाय आठ जागा पुढे जातो. १ नंबरचा पाय चालू-बंद करणारा. तो ९च्या जागी गेला, आणि ९ हाही तसलाच. २ आणि ७ हे हुकूम घेणारे, ते १० आणि १५च्या जागी. तेही हुकूम घेणारेच. ३ आणि ६ मोटारींचे, ते ११ आणि १४वर, तेही मोटारींचेच. ४, ५, १२, १३ हे चारही ग्राउंड. या आयसीची मांडणी अर्ध्या फेऱ्यापुरती संपूर्ण सममित आहे! फक्त एक जोडी वेगळी पडते: ८वर मोटारींचा पुरवठा, १६वर लॉजिकचा. उलट्या आयसीत हे दोन अदलाबदल झाले होते. मोटारींना ५ व्होल्ट मिळत होते, म्हणून मरगळ. लॉजिकला १२ मिळत होते, जिथे ७च्या वर जाऊ नये असं सांगितलेलं आहे, म्हणून तो चटका.

मग मोटारींचा पुरवठाही ५ व्होल्टचाच असेल तर? मी मुद्दाम करून पाहिलं. दोन्हीकडे ५ व्होल्ट, आयसी उलटी, आणि बोर्ड काही झालंच नाही अशा थाटात चालला. एकेका पायाचा नंबर तोपर्यंत मी फक्त पाठ केला होता. त्या रात्री पहिल्यांदा मला त्या सोळा पायांमागे बसून कोणीतरी केलेला विचार दिसला.

पण या नशिबावर विसंबू नये. पाच तारांची छोटी स्टेपर मोटार फिरवायला ज्या यूएलएन२००३एचा बोर्ड वापरतात, तिथली आयसीही सोळा पायांची आणि पुष्कळदा सॉकेटमध्येच बसलेली असते. तिचे सात इनपुट एका बाजूला, सात आउटपुट समोर. ८ ग्राउंड, ९ डायोडचा, म्हणजे वीज एकाच दिशेनं जाऊ देणाऱ्या भागांचा, सामायिक पाय. ती उलटी बसली की मोटारीचा पुरवठा थेट तिच्या पहिल्या इनपुटवर येतो. आणि शील्डवरची ५९५ उलटली तर पुरवठा आणि ग्राउंडच उलटे होतात. मग खिसा हलका करायला काही सेकंद पुरतात. तीही सोळाच पायांची, त्याच मापाची, एल२९३डीच्या शेजारी. सॉकेट कोणालाही नाही म्हणत नाही. म्हणून पाठीवरचा नंबर मोठ्यानं वाचून मगच बसवायची, असा माझ्याकडे नियम आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. सॉकेटच उलटं सोल्डर झालेलं असू शकतं. त्याची खाच ही फक्त खूण आहे. वीज तिच्याकडे बघत नाही. शंका आली तर रिकाम्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून १६ नंबरचं भोक ५ व्होल्टच्या रेषेला जोडलेलं आहे का ते तपासावं. ग्राउंड तपासून या आयसीपुरतं काही कळत नाही, ते वर सांगितलेल्या सममितीमुळेच.

सॉकेट लावायची सवय मला एका नुकसानीतून लागली. सुरुवातीच्या एका बोर्डावर एल२९३डी थेट सोल्डर केलेली होती. ती गेली. सोळा पायांचं सोल्डर एकाच वेळी वितळलेलं राहत नाही. एका टोकाचं वितळवून दुसऱ्याकडे जावं तोवर पहिलं थिजतं. मी तापवत राहिले, ओढत राहिले, आणि शेवटी आयसी निघाली ती भोकांच्या आतलं तांब्याचं अस्तर बरोबर घेऊनच. आयसी आधीच मेलेली होती, मी तिच्यासाठी बोर्ड मारला. आज तेच काम आलं तर मी आयसीचे सोळाही पाय बारीक कटरनं तोडीन, धड फेकून देईन, मग एकेक पाय तापवून चिमट्यानं उचलीन, भोकं साफ करीन आणि तिथे सॉकेट लावीन. मेलेल्या आयसीचा मोह सोडला की बोर्ड वाचतो.

सॉकेटचे तोटेही आहेत. एल२९३डीचे ते मधले चार ग्राउंडचे पाय उष्णता बाहेर काढायचे रस्तेही आहेत. ते थेट तांब्याच्या पसरट भागाला सोल्डर केले तर आयसी जास्त गार राहते. सॉकेटमध्ये तीच उष्णता पातळ पट्ट्यांतून जाते. अर्ध्या अँपिअरच्या आतल्या कामाला मी तरीही सॉकेटच लावते, त्यापुढे गेलं की ही आयसीच निवडत नाही. शिवाय सॉकेटमधली पकड ढिली होते. साध्या सॉकेटमध्ये पत्र्याच्या पट्ट्या पायांना दोन बाजूंनी चिमटतात. जाड वायर किंवा मल्टिमीटरचं टोक खुपसलं की त्या कायमच्या फाकतात. लेथवर कातलेल्या गोल पिनांची सॉकेटं जास्त टिकतात. आणि तापणं-निवणं सतत चाललं की आयसी स्वतःहून केसाकेसानं वर सरकते. १९८० साली आलेल्या ॲपल ३ या संगणकात आयसी अशा सैल व्हायच्या, तेव्हा तो दोन-तीन इंच उचलून टेबलावर सोडा, असा उपाय सांगितला जायचा. मोटारीच्या बोर्डावर तर वर थरथरही असते. मध्येच बंद पडणारा जुना बोर्ड आला की मी आधी वीज काढून सगळ्या आयसी अंगठ्यानं दाबते. बारीक 'कट्' असा आवाज आला तर अर्धं काम झालं.

बदली आयसीबद्दल थोडक्यात. नावातला शेवटचा 'डी' महत्त्वाचा आहे. मोटार बंद होताना तिची गुंडाळी उलटा झटका मारते. तो झेलणारे डायोड एल२९३डीच्या आत आहेत. नुसत्या एल२९३मध्ये ते नाहीत. पाय तेच, करंटही जास्त, १ अँपिअर, म्हणून ती भारी वाटते. पण बोर्डावर बाहेरून डायोड नसतील तर ती तिथे लावू नये. एसएन७५४४१० हीदेखील त्याच पायांची आणि १ अँपिअरची आहे, ती अशा सॉकेटमध्ये लावतात. काही जण एका एल२९३डीच्या डोक्यावर दुसरी बसवून पायाला पाय सोल्डर करतात, करंट दोघींत वाटला जावा म्हणून. मला ते पटत नाही. ती जोडी सॉकेटमधून पुन्हा काढताना काय होतं ते एकदा पाहिलं आहे.

टीबी६६१२एफएनजी, डीआरव्ही८८३३ यांसारख्या नव्या आयसी मॉसफेट या वेगळ्या प्रकारच्या स्विचच्या आहेत. त्यांच्यात व्होल्टेज फार कमी पडतं, त्या तापतातही कमी. त्या गुणानं सरस आहेत, यात वाद नाही. पण त्या तांदळाच्या दाण्यासारख्या बोर्डाला चिकटून असतात, आणि तिथे 'अ' आणि 'ब'ची अदलाबदल करता येत नाही. डीआयपी नावाचा हा दोन रांगांचा आकार १९६४ साली फेअरचाइल्ड सेमिकंडक्टरमध्ये तयार झाला, तेव्हा पाय चौदा होते. माणसाच्या बोटांना पेलेल असा हा आकार आहे, आणि शिकणाऱ्या मुलाच्या हातात मी अजून तोच देते.

नवी आयसी भाच्यानं काळ्या फोममधून काढली आणि सॉकेटवर ठेवली, तर ती बसेना. पाय बाहेर फाकलेले होते. नव्या आयसीचे ते तसेच येतात. सॉकेटच्या रांगांमधलं अंतर ७.६२ मिलिमीटर, यांचं थोडं जास्त. आयसी कुशीवर धरून आठही पाय टेबलावर एकदम टेकवायचे आणि धड किंचित कलतं करायचं. मग दुसरी कूस. एकेक पाय पकडीनं वाकवायचा नाही. त्यानं जरा जास्तच कलती केली, मग उलट्या बाजूनं सावरली. ठेवली. खाचेला खाच. सोळाही पाय आपापल्या भोकांच्या तोंडाशी आहेत का ते दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं, कारण एखादा पाय पोटाखाली मुडपून बसतो आणि वरून काहीच दिसत नाही. पाठीवरचा नंबर मोठ्यानं वाचला. मग दोन्ही अंगठ्यांनी दाबली.

गाडी पुढे गेली, मागे आली. चारही चाकं.

जुनी 'अ' मी फेकली नाही. एक सुटं सॉकेट रिकाम्या बोर्डाच्या तुकड्यावर सोल्डर केलं आणि दोन्ही त्याला दिलं, काढण्या-बसवण्याच्या सरावाला. परवा ताईनं फोटो पाठवला. सॉकेट टेबलावर, शेजारी बारीक स्क्रू ड्रायव्हर, वहीच्या पानावर त्यानं मारलेल्या रेघा मोजल्या तर सव्वीस. 'अ'चे पंधरा पाय शाबूत आहेत. अकराव्यावर त्यानं बाण काढून तारीख लिहिली आहे.